रीत

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला ‘रीत’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. एकदा घरात आणि एकदा गणिताच्या वहीत. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासेच का, असे लहानपणी आईला विचारले तर ती म्हणे, “रीत आहे.” एवढ्यावर प्रश्न संपत असे. गणिताच्या वहीतही तेच. तेथे उत्तराला वेगळे गुण आणि रीतीला वेगळे. उत्तर बरोबर येऊनही रीत चुकली तर मास्तर लाल पेन्सिल उचलीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे गणित शिकवले आणि ती लाल पेन्सिल माझ्या हातात होती. तेव्हा या शब्दाविषयी लिहिण्याचा मला थोडासा अधिकार आहे. आणि त्याच्याविषयी काही कबूल करण्याची जबाबदारी त्याहून थोडी अधिक आहे.

अलीकडे हा शब्द तिसऱ्याच वाटेने परत आला आहे. संगणकाला जे सांगायचे ते पायरीपायरीने सांगावे लागते. अशा पायऱ्यांच्या साखळीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला राहणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आलेला आहे. त्याने भारतीय अंकांनी हिशेब कसा करावा यावर पुस्तक लिहिले, ते लॅटिनमध्ये गेले आणि युरोपने दशमान हिशेबाला त्याचेच नाव दिले. म्हणजे आपल्याकडची हिशेबाची रीत पश्चिमेकडे गेली, आणि हजार-अकराशे वर्षांनी परके नाव लावून आपल्या शाळेत हजर झाली. मी तिला रीतच म्हणेन.

प्रश्न असा आहे की, मुलाला कारण न सांगता रीत द्यावी का? नोकरीत असताना हा प्रश्न मला प्रश्नच वाटत नसे. अपूर्णांकांचा भागाकार आला की मी फळ्यावर लिही, ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.’ एकतीस वर्षांत ‘उलटा का?’ असे विचारणारी मुले फार तर चार-पाच निघाली असतील. त्यांना मी म्हणे, “आधी करायला शीक, समजेल पुढे.” हे अगदीच खोटे नव्हते. पोहायला शिकणारा पोरगा पाण्याची उद्धरणशक्ती समजेपर्यंत काठावर बसून राहिला तर तो कधीच पोहणार नाही. परंतु ‘पुढे’ म्हणजे केव्हा, हे मी कोणालाच सांगितले नाही आणि कोणी परत येऊन विचारलेही नाही.

गेल्या दिवाळीत हे सगळे वर आले ते एका आकाशकंदिलामुळे.

सोयाबीन घरात येऊन पडले होते, कपाशीची पहिली वेचणी झाली होती आणि घर मुलांनी भरले होते. पुण्याहून मुलाची दहा वर्षांची मुलगी आलेली, मलकापूरहून मुलीचा बारा वर्षांचा मुलगा. आम्ही राहतो चिखलीला, म्हणजे घाटावर, मलकापूर घाटाखाली. आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख या दोन शब्दांनी होते, मग तालुक्याने, मग जातीने. दोघांना कंदील विकतचा नको होता. पतंगी कागद, कामट्या, दोरा आला; सौ.ने कणकेची खळ शिजवून दिली. कंदील सहा बाजूंचा करायचा होता आणि त्याच्या गळ्याभोवती जो पुठ्ठ्याचा पट्टा जातो त्यावर सहा समान भागांच्या खुणा हव्या होत्या. पट्टा मोजला, तो सत्तेचाळीस सेंटिमीटर. नातवाने कागदावर भागाकार केला आणि फूटपट्टी हातात घेऊन बसून राहिला.

“आबा, सात पूर्णांक त्र्याऐंशी शतांश येते. पट्टीवर कुठं दाखवू?”

उत्तर त्याच्यापाशी होते; त्याचा उपयोग काय, ते कळत नव्हते. मी पट्टा मधोमध दुमडायला सांगितला. निम्मे करणे सोपे असते, टोकाला टोक लावले की झाले. ते कागदच करून देतो. आता त्या निम्म्याचे तीन भाग करायचे राहिले, आणि तीन कागदाला जड जातात. मी म्हटले, “डावीकडून अदमासे तिसऱ्या हिश्शावर चिमटा घे. चुकला तरी चालेल.” त्याने घेतला. “आता उजवं टोक त्या चिमट्याला लाव आणि दुसरी घडी घाल. मग डावं टोक या नव्या घडीला लाव.” असे आळीपाळीने दोन-तीन वेळा केले, आणि पुढे प्रत्येक घडी आधीच्याच घडीवर पडू लागली. नातू पट्टा उलटासुलटा करून पाहू लागला. “मी तर अंदाजानं धरलं होतं. मग हे बरोबर काऊन येऊन राह्यलं?”

कारण सांगायला पाच मिनिटे पुरली. पहिला चिमटा एक सेंटिमीटर चुकला असे धरा. उजवे टोक तेथे आणले की उरलेल्या भागाचे दोन होतात आणि चूकही दोघांत वाटली जाते. नवी घडी अर्ध्या सेंटिमीटरनेच चुकते. डावे टोक त्या घडीला आणले की चूक पुन्हा निम्मी, म्हणजे पाव. आणखी दोन घड्या घातल्या की एक सोळांश, म्हणजे मिलिमीटरहूनही कमी. अशी ही रीत चुकीपासूनच सुरू होते आणि प्रत्येक घडीला चुकीचा निम्मा वाटा टाकून देते. कागदाच्या घड्यांचा अभ्यास करणारे लोक तिला जपानच्या शुझो फुजिमोतो यांच्या नावाने ओळखतात.

पण मला ती फुजिमोतोंनी शिकवली नव्हती.

1987 सालची गोष्ट. सहामाही परीक्षेत मी रेषाखंडाचे तीन समान भाग करायला दिले होते. कंपास घ्यावा, तिरपी रेषा काढावी, तिच्यावर तीन सारखी अंतरे घ्यावीत, समांतर रेषा काढाव्यात. पुस्तकातली रीत अशी. एका मुलाच्या कंपासाचे टोक मोडलेले होते. त्याने उत्तरपत्रिकेच्या कडेची पट्टी फाडली, ती रेषाखंडाएवढी केली, तिला या पद्धतीने घड्या घातल्या आणि घड्यांच्या जागी खुणा केल्या. खाली लिहिले, ‘कागद दुमडून काढले.’ मी मोजून पाहिले तर खुणा केसाइतक्याही चुकल्या नव्हत्या. मी शून्य दिला. पेपर वाटताना तो उभा राहिला आणि म्हणाला, “सर, बरोबर तं हाय.” मी विचारले, “हे कुठून शिकलास?” तो म्हणाला, “बाबा कापड असंच दुमडतेत.” त्याचे वडील बाजारात शिलाईचे मशीन घेऊन बसत. मी म्हटले, “अंदाजपंचे गणित होत नसतं. गणित आणि शिवणकाम यांत फरक आहे.” वर्ग हसला. मीही हसलो.

पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता. त्या शून्यामुळे गेला असे मी म्हणत नाही. त्या काळी आठवी-नववीतून गळणाऱ्या मुलांना घरची कारणे पुरेशी असत. परंतु त्या हसण्याचा त्यात काहीच वाटा नव्हता, असेही मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाही.

माझ्या बाजूने बोलायचे तर बोलण्यासारखे थोडे आहे. पुस्तकातली रचना तत्त्वतः बिनचूक असते, आणि घड्यांची रीत नुसती जवळजवळ जात राहते. हा भेद खरा आहे आणि तो मुलांना कळायला हवा. पण मी काही तो भेद समजावून सांगितला नाही, केवळ शून्य दिला. शिवाय ‘अंदाज घ्या, चूक पाहा, सुधारा, पुन्हा करा’ ही कनिष्ठ गणिताची खूण आहे असे जे मला वाटत होते, तेच मुळी अज्ञान होते. वर्गमूळ काढण्याची हेरॉनच्या नावाने ओळखली जाणारी प्राचीन रीत याच जातीची आहे. संगणकाची पुष्कळ आकडेमोडही अशीच चालते. त्याचे वैभव एवढेच की, तो पुन्हा पुन्हा करण्याला कंटाळत नाही.

आणि कागदाला कमी लेखण्याचे तर कारणच नव्हते. 1893 मध्ये मद्रासला टी. सुंदर राव यांचे कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक निघाले. बालवाडीतल्या मुलांसाठी फ्रेबेलने जी कागदाच्या घड्यांची साधने प्रचारात आणली होती, त्यांवरून आपल्याला ही कल्पना सुचली असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. फेलिक्स क्लाइनसारख्या मोठ्या जर्मन गणितज्ञाने त्या पुस्तकाचा उल्लेख केला, आणि मग 1901 मध्ये ते अमेरिकेत छापले गेले. (आपल्याकडच्या पुस्तकाला असा फेरा नेहमीच पडतो.) कोणत्याही कोनाचे तीन समान भाग फूटपट्टी आणि कंपासाने करता येणार नाहीत, हे 1837 मध्ये वांट्झेल या फ्रेंच माणसाने सिद्ध केले होते. कागदाच्या घड्यांनी मात्र ते करता येतात, आणि तेही तत्त्वतः बिनचूक. घडीची ही शक्ती 1936 मध्ये मार्गेरिटा बेलोक या इटालियन बाईंनी दाखवली. घनसमीकरण घडीने सोडवता येते हा त्यांचा शोध. म्हणजे ज्या कंपासासाठी मी त्या मुलाचे गुण कापले, त्या कंपासाच्या पलीकडे कागद जातो.

एवढे सगळे मला त्या साली ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी शून्य दिला नसता; पण मग मुलाला न्याय मिळण्यासाठी मास्तराला बेलोकबाई माहीत असाव्या लागतात, असा त्याचा अर्थ झाला. तसे असू नये. न्याय करायला फूटपट्टी पुरेशी होती, आणि ती माझ्या टेबलावर पडलेली होती.

पट्टा तयार झाला तेव्हा सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, दिवाळीच्या चार दिवसांत तरी लेकरांच्या मागची शाळा सोडा.”

तिचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आजकाल शहाणी माणसे मुलाच्या हातात काही आनंदाची वस्तू दिसली की तिच्यात धडा लपवतात. कडू गोळी गुळात घोळावी तसे हे आहे, आणि मुले जिभेने फार हुशार असतात. गूळ चाटून गोळी थुंकून टाकतात. त्याहून वाईट हे की, त्यांना पुढे गुळाचाही संशय येऊ लागतो. सणाची एक स्वतःची प्रतिष्ठा असते. कंदील हा उजेडासाठी, दारासाठी, शेजाऱ्याने मान वर करून पाहावे म्हणून करायचा असतो. तो षट्कोन शिकवण्यासाठी केला तर मुलाचा कंदीलही गेला आणि षट्कोनही.

आमच्या विदर्भात हा वाद जुना आहे. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण हा विचार पुढे आला. टकळीवर सूत काढता काढता मुलाने तार मोजावेत, वजन करावे, कापसाचा भूगोल शिकावा. योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकीर हुसेन समितीनेच इशारा दिला होता की, उत्पन्नाच्या हिशेबात शिक्षण हरवू देऊ नका. पुढे पुष्कळ ठिकाणी झाले ते असे की, टकळी एका तासाला आणि गणित दुसऱ्या तासाला. एकमेकांची गरज उरली नाही तेव्हा दोन्ही निर्जीव झाली. यावरून मला एक खूण सुचते. वस्तूला गणिताची गरज आहे का, ते पाहावे. आमच्या पट्ट्याला सहा समान भागांची खरीच गरज होती. ते झाले नसते तर कंदील वाकडा झाला असता आणि कोणी न सांगताही मुलांना ते दिसले असते. तेथे मी शाळा आणली नव्हती, ती कंदिलात होतीच. परंतु मी जर म्हटले असते की, “आता या कंदिलाच्या बाजूंचे क्षेत्रफळ काढा,” तर सौ.ने माझ्या हातची खळ काढून घेतली असती, आणि ते योग्यच झाले असते.

ही खूण सगळीकडे लागू पडते असे मात्र नाही. दुपारी उरलेल्या पतंगी कागदाच्या लांब पट्टीला नात नुसत्याच घड्या घालीत बसली होती. निम्मी, पुन्हा निम्मी, पुन्हा निम्मी, दर वेळी एकाच बाजूने. मग ती उलगडली तेव्हा काही घड्या वर आलेल्या आणि काही आत गेलेल्या. दोघांनी त्यांना लगेच नावे दिली, वर आलेली ‘घाटावर’ आणि आत गेलेली ‘घाटाखाली’. तीन वेळा दुमडलेल्या पट्टीवर सात घड्या होत्या: खाली, खाली, वर, खाली, खाली, वर, वर. यात आधी काही दिसत नाही. पण मधली घडी बाजूला ठेवा आणि उजवीकडचे तीन उलट्या क्रमाने, वरचे खाली आणि खालचे वर करून वाचा. डावीकडचे तीन जसेच्या तसे निघतात. चौथ्यांदा दुमडली तर पंधरा घड्या येतील आणि त्या कोणत्या, हे पट्टीला हात न लावता सांगता येते. कारण नवी पट्टी म्हणजे जुनी पट्टी, मध्ये एक घडी, आणि मग पुन्हा जुनीच पट्टी उलटून. प्रत्येक घडी काटकोनात उघडत गेले की कागदावर एक नागमोडी आकृती उमटते. 1966 मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’तल्या जॉन हायवे नावाच्या पदार्थवैज्ञानिकाला ती अशाच घड्यांतून सापडली, आणि जग तिला ‘ड्रॅगनवक्र’ म्हणते. आमच्या घरी ती राजूर घाटातली वळणे ठरली. कंदिलाला या आकृतीची काडीइतकीही गरज नव्हती. तरी मला यात खोट दिसली नाही, कारण ती कोणी लपवलेली नव्हती. मुलीच्या हाताला ती आपण होऊन लागली होती.

संध्याकाळी नातवाने आपल्या शाळेतला एक खेळ काढला. संगणकावाचून संगणकाचे विचार शिकवायची पद्धत न्यूझीलंडमध्ये 1990 च्या दशकात रुजली. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेने 2016 मध्ये ‘सीएसपाठशाला’ सुरू करून तसे पाठ शाळांपर्यंत नेले; 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या विचारपद्धतीवर भर दिला आहे. खेळ साधा. एकाने पडद्याआड बसून कागदाची होडी कशी करायची ते नुसत्या शब्दांनी सांगायचे. दुसऱ्याने यंत्रासारखे, सांगितले तेवढेच करायचे, बोलायचे नाही.

नातू सांगू लागला. “कागद निम्मा कर.” नातीने तो टर्रकन फाडून निम्मा केला. “अगं, फाडू नको, दुमड!” दुसरा कागद. “वरची टोकं मधे आण.” तिने वरची दोन्ही टोके एकमेकांवर चुरगाळून मधे आणली. आम्ही सगळे हसून बेजार. नातू चिडला, “येवढंही समजत नाही का?” आणि मग एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने त्याने नव्याने सुरुवात केली. “कागद आडवा ठेव. बंद बाजू तुझ्यापासून दूर. डाव्या हाताचं वरचं टोक, मधल्या रेषेवर.” आता तो आपल्याला काय दिसते ते सांगत नव्हता, पडद्यापलीकडे तिला काय दिसत असेल ते सांगत होता. बारा वर्षांच्या मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन बसायला लावणारा धडा मला नीतिपाठाच्या पुस्तकात कधी सापडला नाही. मी स्वतः फळ्यासमोर एकतीस वर्षांत किती वेळा पडद्यापलीकडे जाऊन बसलो, याचा हिशेब मी त्या वेळी केला नाही.

पण गोष्ट येथे संपली नाही. होडी अर्धी झाली असताना नात थांबली. पडद्याआडून नातू म्हणाला, “खालचा भाग दोन्हीकडं वर दुमड.” ती काही करीना. “का थांबलीस?” “दोन्हीकडं कशाला? एकीकडंच दुमडला तर काय होईल?” “तू यंत्र आहेस. यंत्र विचारत नाही.” ती म्हणाली, “मग मी नाही यंत्र,” आणि खेळ मोडला. नातू माझ्याकडे तक्रार घेऊन आला. नियमाने त्याचेच खरे होते.

मी त्यावर अजून विचार करतो आहे. रीत पाळण्यात यंत्राची बरोबरी मूल कधीच करणार नाही, आणि करू नये. आम्ही गणिताचे मास्तर वर्षानुवर्षे मुलांकडून जे मागत होतो, मुकाट्याने आणि न चुकता पायऱ्या चढणे, ते आता तळहाताएवढे यंत्र करते. यावरून कोणी म्हणेल की, मग रीत शिकवूच नये. ते मला पटत नाही. होडीची रीत आली म्हणून तर तिला ‘एकीकडंच दुमडला तर’ हा प्रश्न सुचला. कोऱ्या कागदापुढे बसून तो सुचला नसता. शिंप्याच्या त्या मुलालाही रीत वडिलांच्या हातून, कारण न सांगता मिळाली होती, आणि तरी ती त्याने कापडावरून कागदावर आणि कागदावरून भूमितीत नेली. म्हणजे कारण सांगितले नाही, एवढ्याने रीत मारक होत नाही. ती मारक केव्हा होते, हे मला 1987 च्या त्या वर्गात दिसते: विचारणाऱ्याला, किंवा दुसऱ्या वाटेने पोचलेल्याला, आपण हसतो तेव्हा. मुलाला आज कारण देता आले नाही तर उद्या देता येईल. पण ‘काऊन’ विचारण्याची त्याची जागा काढून घेतली तर ती परत कशी द्यायची, ते मला माहीत नाही. माझ्या आईने ‘रीत आहे’ म्हटले तेव्हा ती मला हसली नव्हती. तिला स्वतःलाच कारण ठाऊक नव्हते आणि तिने ते लपवलेही नाही.

रात्री कंदील दारात चढला. पट्टा नीट बसला होता. झिरमिळ्या एका बाजूला बोटभर आखूड होत्या, कारण तेथे कोणी मोजले नव्हते. नात माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“आबा, ती तीन भागांची चूक निम्मी निम्मी होते ना, मग ती संपते कधी?”

मी म्हटले, “संपत नाही. कागदाच्या जाडीहून लहान झाली की दिसत नाही, एवढंच.”

“म्हणजे असतेच.”

“असते.”

तिने थोडा वेळ कंदिलाकडे पाहिले आणि मग फुलबाज्या आणायला आत गेली.